भोवऱ्यांना कातरणारा प्रवाह

आमचे नाना, म्हणजे माझे आजोबा, वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले त्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. वय पंच्याऐंशी, कान थोडे मंद, पण चष्मा लावून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार. मी या सदरासाठी लिहितो हे त्यांना ठाऊक असल्यामुळे वर्षातून एकदा तरी त्यांचा एक ठरलेला प्रश्न येतोच. ‘‘काय रे, तुमच्या त्या सूर्याचं कुठवर आलं?’’

या प्रश्नाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापराविषयी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते आपले डॉ. होमी भाभा. अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक धाडसी भाकीत केले. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत आणून वापरण्याची रीत माणसाला सापडेल, आणि मग जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा मिटेल, असे ते म्हणाले. नाना तेव्हा शाळेत होते. गुरुजींनी ही बातमी वर्गात वाचून दाखवली आणि ती त्यांच्या मनात घर करून बसली. पुढे त्यांनी आयुष्यभर खांबांवर चढून तारा जोडल्या, पण त्या तारांतून सूर्यासारखी पेटवलेली वीज काही आली नाही. दोन दशके १९७५ मध्येच संपली!

भाभांसारखा माणूस चुकला तरी कुठे? याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा एका मोठ्या मौजेच्या गोष्टीशी येऊन थांबलो. वाचकहो, आज तीच तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट आहे गळक्या घागरीची, त्या घागरीतल्या भोवऱ्यांची आणि त्या भोवऱ्यांना कातरून काढणाऱ्या एका प्रवाहाची.

गळकी घागर

सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांवर आदळून जुळतात, त्यातून हेलियम तयार होतो आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. यालाच अणुसंमीलन म्हणतात. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात जे घडते ते याच्या नेमके उलट, म्हणजे जड अणूचे तुकडे होण्याची क्रिया. तुकडे करणे सोपे, जुळवणे महाकठीण! कारण अणुगर्भ धनभारित असतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना जवळ आणायचे तर ते भन्नाट वेगाने धावले पाहिजेत, म्हणजेच वायू अतोनात तापला पाहिजे. सूर्याच्या केंद्राशी दीड कोटी अंश तापमान असते. तिथे त्याच्या अवाढव्य वजनाचा दाबही मदतीला असतो. पृथ्वीवर तो दाब मिळत नाही, म्हणून आपल्याला सूर्याच्या दसपट, सुमारे पंधरा कोटी अंशांपर्यंत जावे लागते.

इतक्या तापमानाला वायू वायू राहत नाही. अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित कणांचे एक सळसळते मिश्रण तयार होते. त्याला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज हा प्लाझ्माच, आणि दुकानावरच्या निऑनच्या पाटीतही तोच चमकतो.

आता हा पंधरा कोटी अंशांचा पदार्थ ठेवायचा कशात? कोणत्याही धातूचे भांडे त्याच्यापुढे टिकणार नाही, आणि भांड्याला टेकताच प्लाझ्माही थंड पडेल. रशियन शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात यावर तोड काढली. विद्युतभारित कण चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत त्या रेषांच्या बाजूने धावतात. तेव्हा चुंबकीय रेषा मेदुवड्याच्या आकारात गोल वळवल्या, की कण त्या वड्याच्या आतल्या आत फिरत राहतील आणि भिंतीला शिवणार नाहीत. या यंत्राला त्यांनी नाव दिले ‘टोकामाक’. १९६८ मध्ये रशियनांनी त्यांच्या टी-३ टोकामाकमध्ये कोटीच्या घरातले तापमान गाठल्याचे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्यांना ते खरे वाटेना. शेवटी १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांचे पथक स्वतःचे लेसर उपकरण घेऊन मॉस्कोला गेले, त्यांनी मोजून पाहिले आणि मान डोलावली. त्यानंतर जगभर टोकामाक उभे राहिले.

पण घागर गळत होती. गणिताने जेवढी उष्णता बाहेर झिरपायला हवी होती, त्याच्या कितीतरी पट अधिक झिरपत होती. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी, की आत जितकी जास्त उष्णता ओतावी तितकी गळती वाढत जाई! चुलीत दुप्पट लाकडे घालावीत आणि पाणी मात्र तेवढेच कोमट राहावे, तशी गत. १९८० च्या सुमारास या क्षेत्रातले भले भले शास्त्रज्ञ चिंतेत पडले होते. हे असेच चालले तर संमीलनाची भट्टी इतकी मोठी बांधावी लागेल की ती कोणालाच परवडणार नाही.

भोवरे काय करतात?

गळतीचे कारण होते प्लाझ्मातली खळबळ. आपण दुधाचे पातेले गॅसवर ठेवतो. तळ तापतो, वरचा थर थंड असतो. हा फरक वाढला की दूध स्वस्थ बसत नाही. खालचे वर, वरचे खाली असे वळसे सुरू होतात आणि उष्णता भराभर वर येते. प्लाझ्माचेही तसेच. मधोमध कोट्यवधी अंश, आणि हात-दीड हातावर भिंत, तिथे त्या मानाने थंड. एवढा तीव्र उतार निसर्गाला सोसत नाही. प्लाझ्मात लहान लहान भोवरे उठतात. कडेच्या भागातला एकेक भोवरा साधारण सेंटीमीटर आकाराचा, आयुष्य सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास. पण तेवढ्यात तो आतले गरम कण बाहेर आणि बाहेरचे थंड कण आत नेतो. एक भोवरा विझतो तोवर दुसरा पुढे सरसावलेला असतो.

आग विझवताना विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग करून बादल्या हातोहात देतात ना, तसे हे काम चालते. कोणीही एक माणूस विहिरीपासून घरापर्यंत धावत नाही, पण बादली मात्र पोहोचते. भोवऱ्यांच्या या रांगेतून प्लाझ्माची उष्णता भिंतीपर्यंत पोहोचत होती. रांग तोडायची कशी, हा खरा प्रश्न होता.

गार्शिंगची ती प्रयोगशाळा

जर्मनीत म्युनिकजवळ गार्शिंग नावाचे गाव आहे. तिथल्या माक्स प्लांक प्लाझ्मा भौतिकी संस्थेत ‘अॅसडेक्स’ नावाचा टोकामाक होता. त्याची खुबी अशी, की कडेचा मळका प्लाझ्मा वळवून एका वेगळ्या कप्प्यात नेण्याची सोय त्यात केलेली होती. घराला मोरी असते तशी ही प्लाझ्माची मोरी म्हणा. १९८२ च्या फेब्रुवारीत फ्रिट्झ वॅग्नर आणि त्यांचे सहकारी या यंत्रात वेगवान कणांचे झोत सोडून प्लाझ्मा तापवत होते. उष्णता वाढवली की गळती वाढते, हे त्यांना माहीत होते.

पण काही प्रयोगांत एकाएकी भलतेच घडले. उष्णतेने एक ठरावीक मर्यादा ओलांडली आणि क्षणार्धात प्लाझ्माच्या कडेचा प्रकाश मंदावला. कडेचा प्रकाश म्हणजे बाहेर निसटणाऱ्या कणांची खूण. तो मंदावला याचा अर्थ कण निसटणे कमी झाले. त्याच वेळी आतली घनता चढू लागली, तापमानही चढले. घागरीने जणू आपली भोके स्वतःच बुजवली होती! ऊर्जा धरून ठेवण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली होती. कोणी मुद्दाम काही केले नव्हते, नवा भाग बसवला नव्हता.

हा निबंध १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात आला. शंका घेणाऱ्यांची कमी नव्हती, आणि ते स्वाभाविकच होते. ज्या गोष्टीसाठी जगभरचे लोक वर्षानुवर्षे डोके खाजवत होते ती आपोआप कशी घडेल? पण पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि सॅन डिएगोच्या यंत्रांत, मग इंग्लंडमधल्या ‘जेट’ या युरोपच्या मोठ्या टोकामाकमध्ये तेच दिसले. जुन्या गळक्या अवस्थेला ‘एल मोड’ आणि नव्या अवस्थेला ‘एच मोड’ अशी नावे पडली. ‘एल’ म्हणजे लो, ‘एच’ म्हणजे हाय. या शोधासाठी वॅग्नर यांना २००७ मध्ये हान्नेस आल्फवेन पारितोषिक मिळाले.

घडते हे सिद्ध झाले. पण का घडते?

कातरणे म्हणजे काय?

मोजमापे जसजशी बारीक होत गेली तसे दिसले, की सगळी करामत प्लाझ्माच्या अगदी कडेच्या काही सेंटीमीटर जाडीच्या थरात आहे. त्या थरात बाहेरून आतल्या दिशेने एक जोरदार विद्युतक्षेत्र तयार झालेले असते. आता चुंबकीय क्षेत्रात असलेल्या कणांची एक विचित्र खोड आहे. त्यांना विद्युतक्षेत्राने एका दिशेला ओढले, की ते त्या दिशेला न जाता आडवे सरकतात. आडमुठ्या बैलाला पुढे ओढावे आणि त्याने बाजूला पाऊल टाकावे, तसे! त्यामुळे कडेचा प्लाझ्मा भिंतीला समांतर असा, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने वाहू लागतो.

नुसते वाहण्याने मात्र काही साधत नाही, हे लक्षात घ्या. खरी मेख पुढे आहे. हे विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखे नसते. एका सेंटीमीटरवर ते जोरदार, पुढच्या सेंटीमीटरवर क्षीण. म्हणून शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने वाहतात. नदीत हेच दिसते. मधली धार जोरात, काठाचे पाणी संथ. शेजारच्या थरांच्या वेगातल्या या फरकाला इंग्रजीत ‘शिअर’ म्हणतात, आपली शास्त्रीय परिभाषा त्याला ‘कर्तन’ म्हणते. कर्तन म्हणजे कातरणे. कात्रीची दोन पाती एकमेकींना लागून, पण उलट दिशांना सरकतात, म्हणून कापड कापले जाते. दोन्ही पाती एकाच दिशेने एकाच वेगाने सरकली तर कापड नुसते पुढे जाईल, कापले जाणार नाही.

आता आपली बादल्यांची रांग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. समजा मैदानात शाळेच्या मुलांच्या दहा ओळी संचलन करीत चालल्या आहेत, आणि पहिल्या ओळीतून दहाव्या ओळीपर्यंत हातोहात बादल्या द्यायच्या आहेत. सर्व ओळी एकाच चालीने चालत असतील तर काहीच अडचण नाही. शेजारी कायम शेजारीच राहतो. पण पहिली ओळ धावते आहे, दुसरी भराभर चालते आहे, तिसरी रमतगमत, असे झाले तर? हात पुढे करीपर्यंत शेजारी निघून गेलेला असतो. बादली ज्याच्या त्याच्या ओळीतच राहते. मैदानाच्या या टोकाचे पाणी त्या टोकाला पोहोचत नाही.

भोवऱ्याचे नेमके हेच होते. तो दोन-तीन थरांवर पसरलेला असतो. त्याचे एक टोक वेगवान थरात, दुसरे संथ थरात. थर एकमेकांना मागे टाकतात तसा भोवरा तिरपा होतो, ताणला जातो, लांबट होतो आणि शेवटी तुटतो. उरतात त्या चिंध्या. एवढ्याशा चिंधीला उष्णता दूर नेता येत नाही. आता सारी शर्यत वेळेची. भोवरा फोफावायला जितका वेळ घेतो, त्याहून कमी वेळात प्रवाहाने त्याला कातरले पाहिजे. तसे झाले की खळबळ शमते आणि गळती थांबते. १९९० मध्ये बिग्लारी, डायमंड आणि टेरी या तिघा शास्त्रज्ञांनी हा हिशेब गणितात मांडला. तो निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो.

इथे एखादा चाणाक्ष वाचक विचारील, की वेगातल्या फरकाने तर उलट भोवरे निर्माण होतात! तळ्यावरून वारा वाहिला की लाटा उठतात, पुलाच्या खांबापाशी संथ आणि वेगवान पाणी भेटले की भोवरे गरगरतात. बरोबर आहे. साध्या पाण्यात भोवऱ्यांना लागणारी शक्ती वेगातल्या फरकातूनच मिळते. प्लाझ्मातल्या भोवऱ्यांचे खाद्य मात्र वेगळे. ते तापमानाच्या आणि घनतेच्या उतारावर जगतात, आणि चुंबकीय क्षेत्राच्या पकडीमुळे वेगातल्या फरकातून नवे भोवरे सहजासहजी उठू शकत नाहीत. म्हणून जो प्रवाह नदीत भोवऱ्यांचा पोशिंदा, तोच टोकामाकमध्ये त्यांचा कर्दनकाळ ठरतो.

चोरालाच चौकीदार

सिद्धांत ठीक, पण पुरावा? प्रवाहामुळे खळबळ शमली, की खळबळ शमल्यामुळे प्रवाह वाढला? आधी कोण, कोंबडी की अंडे? लॉस एंजल्सच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका छोट्या टोकामाकवर १९८९ मध्ये याचा छडा लावणारा प्रयोग झाला. प्लाझ्माच्या कडेत चक्क एक विद्युतदांडी खुपसली आणि तिला व्होल्टेज दिले. म्हणजे विद्युतक्षेत्र शास्त्रज्ञांनी बाहेरून लादले. कडेचा प्लाझ्मा फिरू लागला आणि एच मोडसारखी अवस्था अवतरली! प्रवाह हे कारण ठरू शकते हे यातून दिसले.

बाहेरून कोणी दांडी खुपसली नाही तर हा प्रवाह येतो कुठून? उत्तर ऐकून मी तरी चकित झालो. त्याची सुरुवात करून देण्यात खुद्द त्या भोवऱ्यांचाच हात असतो. भोवरे किंचित तिरपे होताच आपला संवेग एकमेकांत वाटत थरांना ढकलू लागतात, आणि थरांचे पट्टे उलटसुलट वाहू लागतात. गुरू ग्रहाच्या चित्रात आपण जे रंगीत पट्टे पाहतो, तेही असेच उलटसुलट वाहणारे वाऱ्यांचे पट्टे. प्लाझ्मातल्या या पट्ट्यांना ‘झोनल फ्लो’ म्हणतात. १९९८ मध्ये अमेरिकेत महासंगणकावर केलेल्या गणिताने दाखवले, की हे पट्टे खळबळ खरोखरच कमी करतात. २००४ मध्ये जपानमधल्या ‘सीएचएस’ नावाच्या यंत्रात ते प्रत्यक्ष मोजलेही गेले.

म्हणजे भोवरे आपल्याच विनाशाला जन्म देतात. रानात ससे वाढले की कोल्हे वाढतात, कोल्हे वाढले की ससे घटतात, मग खायला नाही म्हणून कोल्हेही घटतात आणि पुन्हा ससे वाढतात. खळबळ आणि प्रवाह यांचा खेळ असाच चालतो, आणि शास्त्रज्ञ तो सशा-कोल्ह्यांच्याच गणिताने सोडवतात. पण बाहेरून पुरेशी उष्णता ओतली, की एका क्षणी कोल्ह्यांची बाजू वरचढ होते. खळबळ दबली की कडेचा दाब चढतो, चढलेल्या दाबाने विद्युतक्षेत्र बळावते, बळावलेले क्षेत्र प्रवाहाला जोर देते आणि प्रवाह उरलेल्या भोवऱ्यांना कातरतो. चक्र पक्के बसते आणि प्लाझ्मा एच मोडमध्ये जातो.

यातून कडेला जो दाबाचा एकदम उंच चढ तयार होतो त्याला ‘पेडेस्टल’, म्हणजे चौथरा, असे नाव आहे. नाव अगदी समर्पक! घर जमिनीवर बांधले आणि उंच जोत्यावर बांधले, तर दुसरे तेवढ्याने उंच होते. तसा कडेचा चौथरा उंचावला, की आतल्या साऱ्या प्लाझ्माचे तापमानही उंचावते. म्हणूनच चार बोटे जाडीच्या थरातली घडामोड सगळ्या भट्टीचे भवितव्य ठरवते.

साबरमतीच्या काठी

आपल्या देशात काय चालले आहे? अहमदाबाद आणि गांधीनगर यांच्या दरम्यान, साबरमतीच्या काठी भाट या गावी प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. डॉ. प्रेधीमन कृष्ण कौ हे तिचे संस्थापक संचालक. श्रीनगरला जन्मलेल्या या बुद्धिमान गृहस्थांनी वयाच्या अठराव्या वर्षी दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. मिळवली होती! २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. या संस्थेत १९८९ मध्ये भारतात घडवलेला पहिला टोकामाक सुरू झाला. त्याचे नाव ‘आदित्य’, दुसरे कोणते असणार?

आदित्य लहान आहे. वड्याच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर पाऊण मीटर, आणि प्लाझ्माच्या नळीची त्रिज्या पंचवीस सेंटीमीटर. पण कडेच्या खळबळीचा अभ्यास करायला छोटे यंत्रही मोठे उपयोगी पडते, कारण त्याच्या कडेत मोजणीची सुई घालता येते. १९९२ मध्ये आदित्यवरच्या शास्त्रज्ञांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्येच दाखवून दिले, की कडेची खळबळ संथ, एकसारखी नसते. वळवाच्या सरींसारखी ती मधून मधून जोरात उसळते. २०१४ मध्ये याच यंत्रात विद्युतदांडी खुपसून कडेच्या थरांत वेगाचा फरक निर्माण केला गेला, आणि प्लाझ्मा एकाएकी कोसळून विझण्याचे अरिष्ट त्यामुळे टाळता येते, असे दिसले. नंतर आदित्यचे नूतनीकरण झाले आणि २०१६ पासून तो नव्या रूपात काम करू लागला. शेजारीच अतिसंवाहक चुंबकांचा ‘एसएसटी-१’ उभा आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेत सध्या ‘इटर’ नावाचा जगातला सर्वांत मोठा टोकामाक उभा राहतो आहे. २००५ च्या डिसेंबरात भारत त्यात भागीदार झाला. या यंत्राला बाहेरून वेढणारे सुमारे ३,८५० टन वजनाचे निर्वात पात्र गुजरातेतल्या हजिरा इथे लार्सन अँड टुब्रोने घडवले आणि २०२० मध्ये त्याचा शेवटचा भाग रवाना झाला. पन्नास मेगावॉट उष्णता देऊन प्लाझ्माकडून पाचशे मेगावॉट मिळवायचे, हे इटरचे लक्ष्य. आणि हा सारा हिशेब एच मोड गृहीत धरून मांडलेला आहे. १९८२ मध्ये गार्शिंगला ती गोष्ट घडली नसती, तर इटर याहून खूपच मोठे आणि महाग करावे लागले असते.

कुकरची शिट्टी

आता गोष्टीची दुसरी बाजू. चौथरा जितका उंच तितका त्याचा कडा तुटण्याचा धोका. एच मोडमध्ये दाब चढत चढत मर्यादेबाहेर गेला, की प्लाझ्माची कड क्षणभर फुटते आणि उष्णतेचा एक फवारा बाहेर पडतो. मग दाब पुन्हा चढू लागतो आणि पुन्हा फवारा! थेट कुकरच्या शिट्टीसारखे. लहान यंत्रात ही शिट्टी निभावून जाते. इटरच्या आकारात मात्र तिचा फटका भिंतीच्या धातूला झिजवील, वितळवील. म्हणून त्यात चुंबकाची २७ खास वेटोळी बसवण्याची योजना आहे. ती कडेचे चुंबकीय क्षेत्र जरासे विस्कटून दाब थोडा थोडा सोडत राहतील, म्हणजे शिट्टी व्हायलाच नको. गळती अगदी थांबवली तरी पंचाईत आणि वाढू दिली तरी पंचाईत. नेमकी हवी तेवढी ठेवायची, हीच आता शास्त्रज्ञांची कसरत आहे.

हे सगळे मी गेल्या रविवारी नानांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, मग विचारले, ‘‘ते राहू दे. वीज किती झाली आजवर?’’

मी सांगितले, की इंग्लंडमधल्या जेट या यंत्राने २०२१ मध्ये पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल ऊर्जा दिली, आणि आपल्या शेवटच्या प्रयोगांत, २०२३ मध्ये, ६९ मेगाज्यूल. इंधन लागले फक्त ०.२ मिलिग्रॅम. त्यानंतर चाळीस वर्षांची सेवा संपवून ते यंत्र बंद झाले.

नानांनी डोळे मिटून हिशेब केला. मीटरवर आयुष्य गेलेला माणूस! ‘‘म्हणजे एकोणीस युनिट.’’

‘‘हो नाना. तीही उष्णता, वीज नव्हे. शिवाय ती मिळवायला त्याहून जास्त ऊर्जा आत घालावी लागली होती.’’

‘‘एकोणीस युनिट म्हणजे आपल्या घराला चार दिवस,’’ नाना म्हणाले. मला वाटले ते आता हसतील. पण ते हसले नाहीत. ‘‘आणि इंधन किती म्हणालास?’’

‘‘०.२ मिलिग्रॅम. मिठाच्या दोन-चार कणांएवढं.’’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, ‘‘इटर कधी?’’ त्यांच्याशी खोटे बोलावेसे वाटले नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे त्याचे प्रयोग २०३४ मध्ये सुरू व्हायचे आहेत, आणि खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये. शिवाय इटर वीज विकणार नाही. ते काम त्यानंतरच्या यंत्रांचे. नाना आज पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. हिशेब त्यांनाही कळला.

भाभांच्या भाकितात काय चुकले, हे मला आता थोडेसे उमगले आहे. १९५५ मध्ये या घागरीत भोवरे किती आणि ते काय करतील, हे कोणालाच माहीत नव्हते. ते कळायला सत्तावीस वर्षे गेली, त्यांच्यावर उतारा कसा चालतो हे कळायला आणखी आठ. माणसाने आळस केला म्हणून उशीर झाला नाही. निसर्गाने प्रश्न कठीण घातला होता.

‘‘लाईनवर बिघाड झाला ना,’’ नाना निघताना म्हणाले, ‘‘की सगळा वेळ तो कुठे आहे हे शोधण्यातच जातो. आम्ही रात्र रात्र पावसात फिरायचो. सापडला की जोडायला अर्धा तास. तुमच्या लोकांना जागा सापडली आहे म्हणतोस ना? मग होईल.’’

ते काठी टेकत उठले, सवयीप्रमाणे जाता जाता खोलीतला दिवा मालवला. पुढच्या वर्षी ते मला तोच प्रश्न विचारणार, याची मला खात्री आहे. मी उत्तर तयार ठेवीन.